निर्वासितांना जुन्या कपड्यांची गाठोडी नव्हे, सातत्याचा निधी हवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जगाच्या एखाद्या भागात युद्ध पेटले किंवा एखाद्या समाजावर संघटित हल्ले सुरू झाले, म्हणजे पहिल्या आठवड्यातच माणसांचे लोंढे सीमेकडे निघतात आणि दुसऱ्या आठवड्यात वृत्तपत्रांतून मदतीची आवाहने प्रसिद्ध होऊ लागतात. त्यांमागच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या आवाहनांत बहुधा दोनच गोष्टी असतात: हव्या असलेल्या वस्तूंची एक लांबलचक यादी आणि एक खाते क्रमांक. देणगी कोणाला द्यावी, कोणत्या स्वरूपात द्यावी, केव्हा द्यावी आणि देण्यापूर्वी काय विचारावे, याविषयी वाचकाला तेथे काहीच मिळत नाही. परिणामी मनापासून दिलेल्या दानाचा बराच भाग वाया जातो, आणि कधी कधी तर तो ज्यांच्यासाठी दिला त्यांच्याच वाटेत धोंड होऊन बसतो. त्यासंबंधी काही माहिती आणि शेवटी एक विनंती, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम वस्तूंविषयी. बोस्नियातील युद्धाच्या काळात, १९९२ ते १९९६ या वर्षांत, जगभरातून तेथे औषधांचा ओघ लागला. पुढे या देणग्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी जो अंदाज मांडला त्यानुसार आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १७,००० टन, निरुपयोगी होती: मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, अथवा तेथील कोणत्याही आजाराशी संबंध नसलेली. औषध कचऱ्याच्या ढिगावर फेकता येत नाही, ते जाळून नष्ट करण्याची व्यवस्था लागते आणि तिचा खर्च युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्याच प्रदेशाच्या माथी पडला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधांच्या देणग्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मागणी असल्याखेरीज औषधे पाठवू नयेत, ती पोहोचतील तेव्हा त्यांची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, वेष्टनावरील मजकूर तेथील वैद्यकीय कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत असावा, इतक्या साध्या त्या अटी होत्या. तरीही २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचे प्रांतात, जेथे पीडितांची संख्या वीस लाखांपेक्षा कमी होती, सुमारे चार हजार टन औषधे येऊन पडली आणि त्यांतील बहुतेकांवरील मजकूर परक्या भाषेत होता. त्सुनामी हे निर्वासितांचे संकट नव्हते हे मान्य. पण मदतीचा जो बोजवारा तेथे उडाला तोच छावण्यांतही उडतो.

औषधांचे जे होते तेच कपड्यांचे आणि घरातल्या उरलेल्या सामानाचेही होते. एक विमान उतरवायचे तर धावपट्टीवर जागा लागते, माल उतरवायला माणसे लागतात, साठवायला गोदाम आणि पुढे न्यायला मालमोटार लागते, आणि संकटाच्या पहिल्या दिवसांत नेमक्या याच चार गोष्टींचा तुटवडा असतो. नीट यादी नसलेले, मिसळीचे सामान आले की ते निवडत बसण्यात कार्यकर्त्यांचे तास जातात आणि त्यामागे पाणी शुद्ध करण्याची सामग्री खोळंबून राहते. लहान मुलांसाठी पाठवल्या जाणाऱ्या दूध पावडरीची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. शुद्ध पाणी, इंधन आणि बाटल्या उकळण्याची सोय नसलेल्या ठिकाणी ती पावडर म्हणजे अतिसाराला आमंत्रण. २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता परिसरात झालेल्या भूकंपानंतरच्या पाहणीत, दानात आलेली पावडर ज्या बालकांना मिळाली त्यांच्यात अतिसाराचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळले. स्तनपान चालू राहील अशी व्यवस्था करणे आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच देखरेखीखाली पर्यायी दूध देणे, ही आता सर्व प्रमुख आरोग्य संस्थांची भूमिका आहे. दात्याला मात्र पावडरीचा डबा म्हणजे वात्सल्याचे मूर्तिमंत रूप वाटते, आणि याद्यांत तो वर्षानुवर्षे पहिल्या पाचांत असतो.

म्हणून शक्यतो पैसा द्यावा, आणि तो पैसा शक्य तेथे निर्वासितांच्या हाती रोख स्वरूपात पोहोचवणाऱ्या कार्यक्रमांना प्राधान्य द्यावे. एका कुटुंबाला औषध हवे असते, दुसऱ्याला खोलीचे भाडे थकलेले असते, तिसऱ्याने येताना काढलेले कर्ज फेडायचे असते. दुरून भरलेल्या एकाच आकाराच्या पेटीत या तिन्ही गरजा मावत नाहीत. सीरियातील युद्धामुळे लेबनॉनमध्ये आलेल्या कुटुंबांना २०१३-१४ च्या हिवाळ्यात, उंचावरील थंड प्रदेशात, अशी रोख मदत देण्यात आली होती. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थेने तिचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले, की लोकांनी तो पैसा मुख्यतः अन्न आणि पाणी यांवर खर्च केला, मुलांना कामावर धाडण्याचे प्रमाण घटले, स्थानिक बाजारात म्हणण्याजोगी भाववाढ झाली नाही, आणि मदतीच्या प्रत्येक डॉलरमागे लेबनॉनच्या अर्थव्यवस्थेत २.१३ डॉलरची भर पडली. शेवटचा मुद्दा आश्रय देणाऱ्या देशाच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण निर्वासितांविषयीचा रोष बहुधा 'आमच्या वाट्याचे हे खातात' या भावनेतून येतो. तुर्कस्तानात २०१६ पासून युरोपीय संघाच्या पैशावर चाललेल्या योजनेत दर महिन्याला कार्डावर रक्कम जमा होत असे आणि तिचा लाभ पंधरा लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचला. 'पैसे दिले तर उधळतील' ही शंका मदत करणाऱ्यांच्या मनात जितकी खोलवर रुजलेली आहे तितका तिला पुरावा नाही. अर्थात रोख रक्कम हा सर्वत्र चालणारा उपाय नव्हे. वेढा पडलेल्या शहरात, बाजारच बंद असलेल्या सीमेवर, किंवा हजारो माणसे रातोरात एखाद्या निर्जन माळावर येऊन थांबली असताना नोटा शिजवून खाता येत नाहीत. तेथे शिधा, तंबू आणि पाण्याचे टँकरच हवेत. पण तोही माल जवळच्या बाजारपेठेतून, एकगठ्ठा, जाणकार संस्थेने विकत घ्यावा हे उत्तम, आणि त्यासाठी पुन्हा पैसाच लागतो.

माझ्या मते याहूनही मोठा दोष आपल्या देण्याच्या वेळेत आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका सीरियन बालकाच्या मृतदेहाचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. स्वीडिश रेडक्रॉसने सीरियन निर्वासितांसाठी उघडलेल्या निधीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना असे आढळले, की छायाचित्रानंतरच्या आठवड्यात रोजच्या देणग्यांची संख्या आधीच्या आठवड्याच्या शंभरपटीहून अधिक झाली, आणि काही आठवड्यांतच तो पूर ओसरला. युद्ध मात्र त्यापूर्वी चार वर्षे चालू होते आणि त्यानंतरही चालूच राहिले. त्याच अभ्यासातील एक निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते: त्या महिन्यात दरमहा ठरावीक रक्कम देण्याची नोंदणी करणाऱ्यांची संख्या सुमारे दहापट झाली आणि त्यांतील फारच थोड्यांनी पुढे ती बंद केली. भावनेचा उमाळा टिकत नाही, पण उमाळ्याच्या क्षणी बँकेला दिलेली सूचना टिकते.

ती टिकणे इतके आवश्यक का, हे समजण्यासाठी शिध्याच्या कुपनांचा हिशेब पाहावा. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला निधीअभावी सीरियाच्या शेजारी देशांतील सुमारे १७ लाख निर्वासितांची अन्नकुपने थांबवावी लागली. जाहीर आवाहनानंतर पैसा आला आणि ती पुन्हा सुरू झाली, पण पुढच्याच वर्षी लेबनॉनमध्ये दरमाणशी मासिक मदत साडेतेरा डॉलरपर्यंत खाली आली. त्या वर्षी जी कुटुंबे युरोपच्या दिशेने जिवावर उदार होऊन निघाली, त्यांच्या निर्णयामागे अनेक कारणे होती आणि छावण्यांतील व भाड्याच्या खोल्यांतील ही उपासमार त्यांपैकी एक होती. बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले. २०१७ च्या हिवाळ्यात त्यांच्याविषयी रोज बातम्या येत होत्या. मार्च २०२३ मध्ये तेथील शिधा दरमाणशी महिना १२ डॉलरवरून १० वर आणि जूनमध्ये ८ वर आणला गेला तेव्हा ती बातमी किती वाचकांपर्यंत पोहोचली असेल? आठ डॉलर म्हणजे दिवसाला सत्तावीस सेंट. त्या छावणीत राहणाऱ्यांना काम करण्याची कायदेशीर परवानगी नव्हती, त्यामुळे कापलेला शिधा भरून काढण्याचा सरळ मार्गही त्यांच्यापुढे नव्हता. २०२४ मध्ये ही कपात हळूहळू मागे घेण्यात आली, तरी मधल्या काळात ज्या बालकांचे वजन घटले ते तसे सहज भरून येत नाही.

ही उदाहरणे अपवादात्मक नाहीत. जगातील निर्वासितांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक पाच वर्षांहून अधिक काळ लांबलेल्या परिस्थितीत अडकलेले आहेत. केनियातील दादाब येथील छावण्या १९९१ पासून आणि काकुमाची छावणी १९९२ पासून आहे. तेथे जन्मलेल्या मुलांना आता मुले झाली आहेत. ज्या संकटाची लांबी दशकांत मोजावी लागते, त्याला एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा मिळणारी लहान देणगी अधिक उपयोगी पडते, कारण शाळेतील शिक्षकाचा पगार, दवाखान्यातील परिचारिकेची नेमणूक, पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्ती ही कामे पुढच्या वर्षीचा पैसा येणार याची खात्री असेल तरच हाती घेता येतात. शाळेच्या वयाच्या निर्वासित मुलांपैकी जवळजवळ निम्मी आज शाळेबाहेर आहेत, आणि आणीबाणीच्या आवाहनांत शाळेला जागा नसते.

दुसरी अडचण देणगीला घातलेल्या अटीची. 'माझा पैसा अमुक देशातील अमुक छावणीतच खर्च व्हावा' असे लिहून देण्यात दात्याला समाधान मिळते, पण त्यामुळे एके ठिकाणी पैसा साचतो आणि दुसरीकडे दुष्काळ पडतो. २००४ च्या त्सुनामीनंतर थोड्याच दिवसांत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसा निधी मिळाला आहे, आता त्या नावाने आणखी पाठवू नका. आणि आधी आलेला जादा पैसा इतर संकटांकडे वळवण्याची परवानगी तिने दात्यांकडे मागितली. त्या प्रामाणिकपणाबद्दल तिला तेव्हा टीकाही सोसावी लागली, पण बहुसंख्य दात्यांनी परवानगी दिली. अशी संस्था सापडली तर तिच्या अर्जावर 'सर्वाधिक गरज असेल तेथे' या चौकटीवर खूण करावी. संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आपत्कालीन प्रतिसाद निधी २००६ पासून काम करतो आहे आणि त्याचा एक हिस्सा ज्या संकटांना पुरेसा पैसा मिळत नाही त्यांच्यासाठीच राखलेला असतो. तेथे व्यक्तींनाही देणगी देता येते. नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल दरवर्षी जगातील सर्वाधिक दुर्लक्षित विस्थापनांची यादी काढते. बुर्किना फासो, कॅमेरून, काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक ही नावे तीत वारंवार येतात, आणि आपल्यापैकी किती जणांना तेथे काय चालले आहे हे सांगता येईल, याचा ज्याने त्याने विचार करावा. देणगीदार म्हणून एक साधा नियम ठेवता येतो: एखाद्या संकटाची बातमी पहिल्या पानावर असेल तर तेथे पैसा येतोच आहे असे समजावे आणि आपल्या रकमेचा निदान अर्धा भाग पहिल्या पानावर नसलेल्यांसाठी ठेवावा.

आता संस्थेची निवड. या बाबतीत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'प्रशासनावर किती टक्के खर्च करता?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे आणि एकटाच विचारला तर दिशाभूल करणारा आहे. जुलै १९९४ मध्ये रवांडातून तत्कालीन झाईरमधील (आजच्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातील) गोमा परिसरात काही दिवसांतच पाच ते आठ लाख माणसे आली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, शौचालये खणणे अशक्य, आणि पाण्याचा मुख्य आधार म्हणजे एक सरोवर. पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे मृत्युमुखी पडली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. संस्थांची तेथे रीघ लागली होती. कमी होते ते पाण्याचे आणि साथीच्या रोगांचे ज्ञान असलेले, आधी असे काम केलेले, एकमेकांशी समन्वय ठेवणारे लोक. या अनुभवानंतर १९९७ मध्ये 'स्फिअर' या नावाने किमान मानके ठरवण्याचे काम सुरू झाले. दरमाणशी दररोज किमान १५ लिटर पाणी हे त्यांतले सर्वपरिचित मानक. प्रशिक्षित माणूस, हिशेबनीस, लेखापरीक्षण, तक्रार ऐकण्याची व्यवस्था, हा सर्व खर्च ताळेबंदात 'प्रशासन' म्हणूनच दिसतो. तो शून्यावर आणल्याची जाहिरात करणारी संस्था मला अधिक संशयास्पद वाटते. गोमाच्या त्याच छावण्यांत आणखी एक गोष्ट घडली: रवांडात त्याच वर्षी नरसंहार घडवून आणणाऱ्यांनीच तेथे सत्ता बळकावली आणि शिधावाटपावर ताबा मिळवला, तेव्हा नोव्हेंबर १९९४ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ची फ्रेंच शाखा तेथून बाहेर पडली. आपली मदत कोणाच्या हातून वाटली जाते आहे, हे पाहण्याचाही खर्च असतोच.

त्यापेक्षा विचारावे ते असे: संकट येण्यापूर्वी ही संस्था त्या प्रदेशात काम करत होती काय, तिचे लेखापरीक्षित जमाखर्च कोणालाही पाहता येतात काय, मदत मिळालेल्यांना ती काय विचारते आणि त्यावरून तिने काय बदलले, जादा निधी आला तर काय करते. उत्तरे मोघम असतील तर पुढे जावे. संकटाच्या पहिल्या आठवड्यात प्रसिद्ध संस्थांच्या नावांशी साम्य असलेली नावे घेऊन भामटेही उगवतात. संदेशातून आलेल्या दुव्यावर देणगी न देता संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन द्यावी, एवढी खबरदारी पुरेशी आहे. आणि स्वतः निधी गोळा करण्याचा विचार असलेल्यांनी कायद्याची बाजू आधी पाहावी. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी केलेली मैफल इतिहासात गाजली, पण करमाफीची व्यवस्था आधी केलेली नसल्यामुळे तिच्या ध्वनिमुद्रिकेतून आणि चित्रपटातून आलेला मोठा पैसा अमेरिकी करखात्याकडे अनेक वर्षे अडकून पडला. तोवर ते निर्वासित केव्हाच परतले होते.

स्थानिक संस्थांविषयी थोडे वेगळे लिहिले पाहिजे. मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या दात्यांनी आणि संस्थांनी असे ठरवले होते, की २०२० पर्यंत मानवतावादी निधीचा किमान चौथा हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांना मिळावा. प्रत्यक्षात थेट मिळणारा वाटा त्याच्या जवळपासही गेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध सुरू झाल्यावर अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांना खार्टूम सोडावे लागले, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांतील तरुणांनी चालवलेल्या 'आपत्कालीन प्रतिसाद कक्षां'नी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, जखमींना हलवले, औषधे मिळवली. दूर बसलेल्या सामान्य दात्याला अशा गटांची शहानिशा करणे कठीण आहे हे खरे, म्हणून मध्यस्थ संस्थेला एक प्रश्न जरूर विचारावा: आमच्या देणगीतील किती भाग तुम्ही स्थानिक गटांना देता, आणि त्यांच्या कार्यालयीन खर्चाचा वाटाही त्यांना देता काय?

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ही सारी सरकारांची जबाबदारी आहे आणि सामान्य माणसाच्या चार पैशांनी काय होणार. जबाबदारी सरकारांचीच आहे. २०२४ च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या १२ कोटी ३० लाखांवर होती, आणि निर्वासितांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना श्रीमंत देशांनी नव्हे तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांनी आसरा दिलेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचा जवळजवळ सर्व खर्च ऐच्छिक देणग्यांवर, मुख्यतः सरकारांच्या, चालतो. २०२५ मध्ये अमेरिकेने आणि इतर काही देशांनी हात आखडता घेतल्यावर त्या संस्थेला सुमारे साडेतीन हजार पदे कमी करावी लागली. व्यक्तींच्या देणग्यांनी ही खिंडारे बुजणार नाहीत. परंतु सरकारी निधीला बहुधा देश, काळ आणि उद्देश यांच्या अटी असतात. विनाअट, नियमित खासगी पैसा हा संस्थेला स्वतःच्या निर्णयाने वापरता येणारा जवळजवळ एकमेव पैसा असतो, आणि त्याची उपयुक्तता त्याच्या आकारापेक्षा मोठी आहे.

आता विनंती. आपल्या दैनिकातून मदतीचे आवाहन प्रसिद्ध करताना संस्थेचे नोंदणीचे तपशील, त्या प्रदेशातील तिचा पूर्वीचा अनुभव, वस्तू हव्यात की निधी आणि जादा निधीचा विनियोग कसा होईल, एवढी माहिती संस्थेकडून मागवून त्यासोबत छापावी. जी संस्था ती देणार नाही तिचे आवाहन छापू नये. तसेच आवाहन छापल्यापासून सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने, त्याच आकाराच्या जागेत, जमलेल्या पैशाचे काय झाले आणि ती माणसे आता कोठे आहेत, याचे वृत्त द्यावे. त्या वृत्ताखाली खाते क्रमांक पुन्हा छापला तर फार बरे होईल.

आपला,
एक नियमित वाचक